‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना



‘श्यामची आई’ हे नाव ऐकलं नाही अशी बाई आपल्या गटांमध्ये शोधूनही सापडायची नाही. कुणी शाळेत त्यातला धडा वाचलाय, कुणाला वक्तृत्व स्पर्धेत ते पुस्तक बक्षीस मिळालंय, कुणी आचार्य अत्र्यांचा सिनेमा पाहिलाय. १९५३ सालचा तो सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. आम्हा पुण्यातल्या सहा-सात जणींनाही वाटत होतं की हे पुस्तक आपल्याला पाठ आहे. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं पसरलेला पदर, पोहायला जात नाही म्हणून दिलेला मार आणि मग त्याच्या पाठीवरचे वळ बघून तिचंच रडणं. झालं, एवढीच आमची ‘श्यामची आई’.

आमच्या गटात हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या की बायका घाईघाईनं घरी पळतात. त्यांना अर्धा तास थांबवावं म्हणून मोठ्यानं काही वाचायचं ठरलं. एकीनं नातीच्या कपाटातून हे पुस्तक आणलं. दुसरी म्हणाली, “अगं, हे तर लेकरांचं पुस्तक.” दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून सुरू केलं. बेत असा होता की दोन-चार गोष्टी वाचायच्या आणि मग काहीतरी ‘मोठ्या बायकांचं’ आणायचं. तसं झालं नाही. पहिल्या रात्रीपासून बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत सगळं वाचून काढलं आणि मधल्या काही बैठकांना तर वाचन कमी न् बोलणंच जास्त झालं. ते बोलणं आज तुम्हाला सांगायचंय.

आधी पुस्तकाची थोडी हकीकत. साने गुरुजींचं पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालगड गाव. घर एकेकाळी खोताचं, पण वडिलांच्या हयातीतच सगळं ओहोटीला लागलेलं. शिकण्यासाठी हा मुलगा दापोली, औंध अशा गावांना राहिला आणि शेवटी आपल्या पुण्यात आला. १९१८ साली नूतन मराठी विद्यालयातून तो मॅट्रिक झाला. पण त्याच्या आधीच, १९१७ मध्ये, आई गेली. पुढं अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं मास्तरकी केली, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली, तुरुंगवास झाला. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, त्यांनी हे पुस्तक लिहायला घेतलं आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे, संपवलं. म्हणजे पाचच दिवस. १९३५ साली ते छापून आलं. पुढं पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहानं, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहानं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या काढल्या.

या तारखा मुद्दाम सांगितल्या. आई जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर तेहतीस वर्षांचा बाप्या तुरुंगात बसून आईला पहिल्यापासून आठवतोय. लहानपणी जे नुसतं पाहिलं होतं, ते त्याला आता उमगतंय. आईनं शेजारणीकडं काय मागितलं, कुणाचं बोलणं गिळलं, काय विकलं, हे आठ वर्षांच्या पोराला कळत नसतं. तेहतिसाव्या वर्षी कळतं. आम्ही मात्र हे पुस्तक आठव्या-दहाव्या वर्षी वाचलं आणि ठेवून दिलं. तेव्हा श्यामच्या जागी बसून वाचलं होतं. या वेळी आईच्या वयाला येऊन, काही जणी तर तिच्या वयाच्या पुढं जाऊन, वाचत होतो.

सगळ्यांत पहिलं लक्षात आलं ते तिचं वय. लहानपणी आम्हाला ती म्हातारी वाटायची. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, पिकलेले केस. पण शेवटच्या आजारातही तिचा धाकटा पुरुषोत्तम शाळेत जाणारा लहान पोर आहे. आमच्यातली एक म्हणाली, “अगंबाई, ही तर माझ्या सुनेएवढी!” सून समोरच बसली होती. त्या दिवसापासून वाचनाचा सूरच बदलला.

मग डोळ्यांना दिसायला लागला पैसा. ही बचत गटाची सवय म्हणा. वाटण्या होऊन डोक्यावरचं हक्काचं छप्पर गेल्यावर स्वतःची झोपडी उभी करायला ती हातातल्या पाटल्या काढून देते. लहानपणी आम्हाला त्यात फक्त तिचा स्वाभिमान दिसला होता. या वेळी एकीनं विचारलं, “घर कुणाच्या नावावर झालं?” पुस्तकात ते नाही, आणि त्या काळात कुणी विचारलंही नसेल. पण प्रश्न पडला खरा.

दिवाळीची गोष्ट आठवतेय का? बाविसावी रात्र. भावाकडून आलेल्या भाऊबीजेच्या पैशांत ती स्वतःला काही घेत नाही, नवऱ्याचं धोतर फाटलंय म्हणून त्याला नवं धोतर आणते. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की हा त्याग. आता त्यावर आमच्यात चांगली वादावादी झाली. एक बाजू म्हणाली, वर्षातून एकदा हाती येणारा तिच्या हक्काचा पैसा तोच, आणि तोही धोतरात गेला. दुसरी बाजू म्हणाली, अगं, पण त्या पैशाचं काय करायचं ते तिनं ठरवलं, कुणाला विचारलं नाही, हे तरी बघ. आमच्यातल्या सगळ्यांत वडील बाई शेवटी म्हणाल्या, “धोतर घ्यायचंच होतं तर घ्यावं. पण मालकांनी पुढच्या दिवाळीला लुगडं आणलं का, ते बघा.” पानं चाळली. लुगडं काही सापडलं नाही.

मालकांविषयी चांगलंही सांगायला हवं. अठरावी रात्र अळणी भाजीची. आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील, पोरं, कुणीही एका शब्दानं न बोलता जेवून उठतात. रांधणारीचं मन मोडू नये म्हणून. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. या गोष्टीवर आम्ही पोट धरून हसलो, कारण प्रत्येकीच्या घरी मीठ कमी पडल्यावर काय होतं, ते प्रत्येकीनं सांगितलं. ते इथं छापण्यासारखं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येते. बत्तिसावी रात्र. तिच्या मथळ्यातच कर्जाला नरक म्हटलंय. लहानपणी आम्ही हा भाग वाचला होता का, कुणालाच आठवेना. वाचला असणार, पण सावकार, मुद्दल, व्याज, जप्ती हे शब्द आले की मुलांचं मन पुढं पळतं. खरं तर तिथपासून शेवटपर्यंत, म्हणजे अकरा रात्री, हे पुस्तक कर्जात बुडालेल्या एका घराचं आहे. वसुलीचा माणूस ओटीवर येऊन बसतो, बोलता बोलता घरच्या बाईवरून नको ते बोलतो आणि एरवी ओटीवरच्या पुरुषांसमोर न येणारी ती बाई बाहेर येऊन त्याला चालता हो म्हणून सांगते. आईचं असं रूप पुस्तकात क्वचितच दिसतं. शाळेच्या धड्यात आम्हाला ही आई कुणी दाखवली नाही. तिथं ती नेहमी मऊ, सोशिक, डोळ्यांत पाणी असलेली.

पुढच्या रात्रींत घर हळूहळू आतून रिकामं होत जातं. तेल असेल तर मीठ नाही, अशी गत. परक्या घरचं काम करून चार पैसे मिळवायची वेळ खोताच्या घरच्या सुनेवर येते आणि ताप अंगावर काढत ती ते करते. कर्ज काढलं पुरुषांनी, सावकाराशी बोलणी त्यांची, कोर्टात जाणं त्यांचं. पण रोज चूल पेटवताना त्या कर्जाशी गाठ पडते ती बाईची. गुरुजींनी असं वाक्य लिहून ठेवलेलं नाही. त्यांनी फक्त डबे आणि मडकी दाखवली आहेत. आम्हाला ते पुरलं.

सदतिसाव्या रात्री घरावर जप्ती येणार म्हणून गावात ढोल वाजवून पुकारा होतो. शाळेत पोरं पुरुषोत्तमाला चिडवतात. आई खचते ती तिथं. लगेच पुढची रात्र तिच्या शेवटच्या आजाराची आहे.

हे वाचून झालं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं आमच्यातली एक, जी एरवी फार बोलत नाही, ती म्हणाली, “आमच्याकडं ढोल नाही वाजला, फोन वाजत होता.” मग तिनं सांगितलं. आमच्या गटाबाहेर, घरात न सांगता, तिनं एका कंपनीचं कर्ज घेतलं होतं. एक फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. सकाळी सात वाजता वसुलीवाल्याचा फोन, रात्री दाराशी माणूस, शेजारणी खिडकीतून बघतायत. हे सगळं तिनं आम्हाला, दर आठवड्याला शेजारी बसणाऱ्यांना, दीड वर्ष सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, तर लाज. पुस्तकातल्या बाईची अब्रू गेली आणि ती खाटेला खिळली, हे ऐकताना तिला राहवलं नाही.

त्या दिवशी आम्हाला आमचीही लाज वाटली. बाई हप्ता वेळेवर भरते एवढंच आम्ही बघत होतो. तो हप्ता कुठून येतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग पुढच्या बैठकीत पुस्तक बाजूला ठेवून नियम समजून घेतले. तेही थोडक्यात सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी कामाला येतील. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारणाशिवाय दिलेल्या छोट्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली नियम केले. त्यानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास देता येत नाही. वसुलीची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते, आणि त्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी यायचं. खाजगी सावकार असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणं त्याच्याकडं परवाना हवा. नसेल तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. तो राग कुठून आला असेल, ते सदतिसावी रात्र वाचताना समजतं.

आमच्या त्या मैत्रिणीचं कर्ज काही पुस्तकानं फिटलं नाही. अजून ती फेडतेच आहे. फरक एवढाच की आता तिचे कुठे किती बाकी आहेत ते आम्हाला माहीत आहे, आणि वसुलीवाला आला की ती एकटी दारात नसते.

पुस्तकातलं सगळंच आम्हाला पटलं असं समजू नका. व्रतं, सोवळंओवळं, नवऱ्यापुढं मान खाली घालणं यातलं बरंच काही ऐकताना तरुण मुली चुळबुळत होत्या. पंचविसाव्या रात्री महार समाजातली एक म्हातारी डोक्यावरची मोळी पडल्यानं अडून बसते आणि आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. गावातले लोक काय म्हणतील, याची पर्वा करत नाही. लहानपणी आम्हाला यात फक्त आईचा मोठेपणा दिसला होता. आता दिसलं की ती त्याला घरी आल्यावर अंघोळही करायला सांगते. आमच्या गटातल्या ज्या बायकांच्या आज्या अशा मोळ्या वाहत होत्या, त्यांनी ते बरोबर पकडलं आणि त्यांचं चुकलं नाही. पण मुलगा आईच्या पुढं गेला. पंढरपूरच्या विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ पासून उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं होण्याचा निर्णय होईपर्यंत, म्हणजे १० मेपर्यंत, उठले नाहीत. ही मोळीची गोष्ट आणि पंढरपूरची हकीकत एकाच बैठकीत सांगावी, असं आमचं मत आहे. एकीवाचून दुसरी अर्धी वाटते.

एक पुस्तक संपलं की माणसाला लेखकाचं दुसरं हवं असतं. आम्हीही शोधलं. लहानपणी साने गुरुजींच्या ‘गोड गोष्टी’ वाचल्या होत्या, ‘धडपडणारी मुले’ कुणाकुणाला आठवत होती. पण ‘स्त्रीजीवन’ हे पुस्तक आमच्यापैकी एकीनंही पाहिलेलं नव्हतं. जात्यावरच्या, पाळण्याच्या, माहेराच्या, बहीणभावाच्या ओव्या गुरुजींनी बायकांकडून गोळा केल्या आणि त्याचं हे पुस्तक केलं. ज्या काळात शिकलेली माणसं कवितेसाठी पोथ्यांकडं आणि इंग्रजी पुस्तकांकडं बघत होती, त्या काळात हे मास्तर आपल्या पणज्यांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून घेत होते. पुढं पुण्याच्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून घेऊन, एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यांत मुळशी-मावळातल्या बायका पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कुणाची आजी त्यात असूही शकेल.

दुसरं सापडलं ते ‘सुंदर पत्रे’. पुतणी सुधा हिला गुरुजींनी लिहिलेली ही पत्रं ‘साधना’ साप्ताहिकात येत असत. हे साप्ताहिक त्यांनी १५ ऑगस्ट १९४८ ला मुंबईत सुरू केलं आणि आता ते पुण्याच्या शनिवार पेठेतून निघतं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. लग्न न केलेला हा माणूस पोरीला झाडांबद्दल, पक्ष्यांबद्दल, देशात काय चाललंय त्याबद्दल अशी पत्रं लिहितो की ती वाचताना एक जण म्हणाली, “माझ्या बापानं मला आयुष्यात एक चिठ्ठी लिहिली नाही.” मग हळूच म्हणाली, “लिहिता येतच नव्हतं म्हणा.”

तुमच्या गटात वाचायचं असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी आपल्या देशात पुस्तकाचा हक्क सगळ्यांसाठी मोकळा होतो. त्यामुळं २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येते. म्हणून अप्पा बळवंत चौकात गेलात तर एकाच नावाची निरनिराळी पुस्तकं दिसतील, काही अगदी स्वस्त. घेण्याआधी अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. बेचाळीस भरल्या तर पुस्तक पूर्ण. कमी भरल्या तर ते मुलांसाठी काटछाट केलेलं आहे, आणि काटछाट झाली की कर्जाचं काय राहतं, ते आधी बघा. विकत नको असेल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. आमच्या अनुभवानं हे पुस्तक तिथं असतंच, बहुधा पानं सुटलेलं.

एका बैठकीला एकच रात्र वाचा. कोकणातले काही शब्द अडतील. आपल्याकडच्या घराची रचना वेगळी, त्यामुळं ओटी म्हणजे नेमकं काय, खोत म्हणजे कोण, हे आधी सांगून टाका. वाचणारी एकच नको. जिला अडखळत वाचता येतं तिलाही पान द्या, बाकीच्या थांबतात. आणि शेवटच्या पाच-सहा रात्री वाचायच्या असतील त्या दिवशी घरी जायची घाई असलेला वार निवडू नका.

आम्ही आता ‘स्त्रीजीवन’ सुरू केलंय. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. एकीनं ओवी वाचायला सुरुवात केली आणि आमच्या सगळ्यांत वडील बाईंनी तिला हात करून थांबवलं. “अशी नाही,” म्हणाल्या, “आमच्याकडं निराळी म्हणतात,” आणि डोळे मिटून त्यांनी ती गायला घेतली. एक संपली की दुसरी. त्या संध्याकाळी पुस्तक उघडं ते उघडंच राहिलं, आणि हप्त्यांची वहीसुद्धा.